मासा काठावरच का सुटतो?

नदीकाठी किंवा तळ्याकाठी गळ टाकून बसलेल्या एखाद्याला विचारून पहा, "आज काय मिळाले?" पुष्कळ वेळा उत्तर येते, "मोठा लागला होता हो! अगदी हाताशी आला आणि तंगूस तुटला." ऐकणारे हसतात. सुटलेला मासा नेहमी मोठाच असतो, अशी थट्टाही करतात. पण या उत्तराचा दुसरा भाग हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तंगूस, म्हणजे मासेमारीची नायलॉनची दोरी, बहुधा खरोखरच काठाशी तुटते. असे का बरे व्हावे?

हा प्रश्न मला आठवीत असताना पडला. सुटीत मी कृष्णाकाठी मामांच्या गावी गेलो होतो. गळासाठी काठी निवडायला सांगितल्यावर मी मुद्दाम जाडजूड, मुळीच न वाकणारी काठी निवडली. मजबूत काठी ती चांगली, असा माझा हिशेब. तासाभराने हातभर लांबीचा मासा लागला. मी काठी दोन्ही हातांनी घट्ट धरून त्याला काठापर्यंत ओढत आणले आणि जोराने वर उचलले. दोरी तटकन तुटली. मासा गेला आणि गळ तोंडात घेऊनच गेला. मामा शांतपणे म्हणाले, "लेका, वाकत नाही ती काठी म्हशी हाकायची. मासे धरायची न्हवं."

मामांनी पदार्थविज्ञान शिकले नव्हते. पण त्यांच्या या एका वाक्यात शाळेच्या पुस्तकातले दोन धडे आहेत, हे मला पुढे कॉलेजात समजले. गळाने मासे धरू पाहणाऱ्या नवशिक्याने सामान कसे निवडावे आणि ते कसे वापरावे, हे आज आपण त्या धड्यांच्या आधाराने पाहू.

झेल घेताना हात मागे का नेतात?

क्रिकेटमध्ये वेगाने येणारा चेंडू झेलताना खेळाडू हात मागे नेतो. हात ताठ ठेवले तर तळवे झणझणतात. चेंडूची गतिज ऊर्जा दोन्ही वेळा सारखीच असते. फरक असतो तो चेंडू किती अंतरात थांबवला यात. ऊर्जेला त्या अंतराने भागले की सरासरी बल मिळते. अंतर वाढले की बल कमी होते.

आता माशाकडे वळू. समजा, १ किलोचा मासा सेकंदाला २ मीटर वेगाने दूर पळतो आहे. त्याची गतिज ऊर्जा किती? ½ × १ × २ × २ = २ ज्यूल. काठी ताठ आहे आणि दोरी घट्ट ताणल्यावर मासा अवघ्या ५ सेंटिमीटरमध्ये थांबला, असे मानू. सरासरी बल २ ÷ ०.०५ = ४० न्यूटन झाले. हे बल सुमारे ४ किलो वजनाइतके आहे. आता काठी लवचीक घेऊ. तिचे टोक ५० सेंटिमीटर वाकले आणि तेवढ्या अंतरात मासा थांबला. बल झाले २ ÷ ०.५ = ४ न्यूटन, म्हणजे फक्त ४०० ग्रॅम वजनाइतके! मासा तोच, वेग तोच, पण दोरीवरचा ताण दहावा हिस्सा. मासा आपल्या स्नायूंनी ओढत असतो तो ताण यात आपण धरलेला नाही. शिवाय ही सरासरी आहे; क्षणभर ताण याहून जास्तही होतो. तरीही निष्कर्ष बदलत नाही. काठीचे मुख्य काम मासा उचलण्याचे नाही, हिसका सोसण्याचे आहे.

म्हणून नवशिक्याने सुमारे ३ मीटर लांबीची, बुंध्याशी जाड आणि शेंड्याकडे निमुळती होत गेलेली, नीट वाळलेली बांबूची काठी घ्यावी. निमुळतेपणाला मोठे महत्त्व आहे. भरीव काठीची जाडी निम्मी झाली तर तिचा ताठपणा निम्मा होत नाही, तो सोळावा हिस्सा होतो. त्यामुळे लहान हिसक्याला शेंडा वाकतो आणि मोठ्या हिसक्याला मधला भागही वाकू लागतो. काठी पारखायची असेल तर तिचे टोक दोरीने दाराच्या कडीला बांधा आणि हळूहळू ओढा. ती धनुष्यासारखी सारखी वाकली पाहिजे. एकाच पेऱ्याशी कोन पडत असेल तर ती काठी तेथेच मोडणार.

काठी ही तरफही आहे. बुंधा एका हातात टेकलेला आणि दुसरा हात त्यापासून अर्धा मीटर वर आहे, असे समजा. ३ मीटरवरच्या टोकाला काटकोनात १ किलोचा ताण आला तर वरच्या हाताला ६ किलोचे बल लावावे लागते. ही तोट्याची तरफ वाटेल. पण या तोट्यातच फायदा आहे. हात १० सेंटिमीटर हलला की टोक ६० सेंटिमीटर हलते. म्हणून माशाने आमिष घेतल्यावर दोन्ही हातांनी काठी उपसायची नसते. मनगटाचा हलका झटका पुरतो. मासा लागल्यावर काठी उभट धरावी, म्हणजे ती वाकू शकते. काठी सरळ माशाच्या दिशेला रोखली तर ती वाकणारच नाही आणि सारा हिसका दोरीवर येईल.

पाण्यातला मासा आणि पाण्याबाहेरचा मासा

आता मामांच्या वाक्यातला दुसरा धडा. विहिरीतून घागर शेंदताना तुम्ही एक गोष्ट अनुभवली असेल. घागर पाण्यात बुडलेली असते तोवर दोर हलका लागतो. घागर पाण्याबाहेर आली की एकदम जड होते. आर्किमिडीजचे तत्त्व ते हेच. बुडलेल्या वस्तूवर तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके बल वरच्या दिशेने लागते.

रोहू, कटला, चिलापी अशा माशांच्या शरीरात हवेची पिशवी असते. तिला वाताशय म्हणतात. तिच्यामुळे माशाची सरासरी घनता जवळजवळ पाण्याइतकीच राहते. म्हणजे १ किलोचा मासा पाण्यात जवळजवळ बिनवजनाचा असतो! तो कितीही मोठा असला तरी शांत झाल्यावर पाण्यातून अलगद सरकत येतो. पण तुम्ही त्याला काठाशी दोरीने उचलले की त्याचे सगळे वजन एका क्षणात दोरीवर येते. त्यात तो उसळ्या मारतो. शिवाय मासा जवळ आलेला असतो. नायलॉन ताणले जाते आणि तेही थोडा हिसका सोसते, पण काठीशी गुंडाळून आखूड केलेल्या दोरीत ताणले जायला जागाच कमी उरते. तीन कारणे एकाच जागी एकत्र येतात आणि मासा काठावर सुटतो.

उपाय सोपा आहे. मासा दोरीने उचलायचाच नाही. लांब दांड्याची, गोल तोंडाची हातजाळी आधीच पाण्यात बुडवून ठेवावी, दमलेल्या माशाला तिच्यावर आणावे आणि जाळी वर घ्यावी. जाळी नसेल तर उतरत्या काठावर त्याला हळूहळू सरकवत आणावे. सामानाच्या यादीत पुष्कळ जण हातजाळी शेवटी लिहितात. ती पहिल्या ओळीत लिहा.

दोरी आणि तिच्यातली कमकुवत जागा

नायलॉनचा शोध १९३५ साली अमेरिकेत वॉलेस कॅरोथर्स या रसायनशास्त्रज्ञाने लावला. त्याआधी गळाला रेशमी, सुती किंवा घोड्याच्या केसांची दोरी लावत. नायलॉनचा एकच पारदर्शक धागा पाण्यात सहज दिसत नाही आणि कुजतही नाही.

दोरीची ताकद तिच्या छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर, अवलंबून असते. चांगल्या प्रतीची ०.२ मि.मी. व्यासाची दोरी साधारण अडीच किलोचा ताण सोसते. व्यास दुप्पट, म्हणजे ०.४ मि.मी. केला तर ताकद चौपट, दहा किलो. मग जाडच घेतली तर? जाड दोरी ताठ असते, माशाला दिसते आणि लहान आमिष नैसर्गिकपणे हलू देत नाही. तळ्यातल्या लहान माशांसाठी ०.२५ मि.मी. व्यासाची, सुमारे ४ किलोची दोरी पुरे. बिनरिळाच्या काठीला दोरी काठीएवढीच लांब ठेवावी.

परंतु वेष्टनावर छापलेले ४ किलो हे गाठ न मारलेल्या दोरीचे असतात. साधी गाठ मारली की तिची ताकद निम्म्यापर्यंत उतरू शकते. गाठीत दोरी तीव्र वळते, वळणाच्या बाहेरचा भाग जास्त ताणला जातो आणि दोरी स्वतःलाच कापते. म्हणून गळ अशा रीतीने बांधावा : दोरीचे टोक गळाच्या नेढ्यातून ओवा, ते मूळ दोरीभोवती पाच-सहा वेळा गुंडाळा, मग नेढ्याजवळच्या पहिल्या फासातून परत काढा. गाठ पाण्याने ओली करून सावकाश आवळा. कोरडी गाठ झटक्याने आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन दुखावते. खुंट्याला दाव्याचे चार वेढे दिले की उधळू पाहणारा बैल एका हाताने थोपवता येतो, हे तुम्ही पाहिले असेल. येथेही प्रत्येक वेढा घर्षणाने ताणाचा थोडा भाग उचलतो आणि कोणत्याही एका वळणावर सगळा भार येत नाही.

उन्हात पडून राहिलेली, खरबरीत झालेली दोरी बदलावी. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कमकुवत कडीइतकीच असते. दोरी तुटल्यावर नुकसान फक्त आपले होत नाही. तोंडात गळ अडकलेल्या माशाला पुढे नीट खाताही येत नाही. सामान विचारपूर्वक निवडायचे ते त्याच्यासाठीही.

गळ, तरंगा आणि वजन

गळाला कोकणात गरी म्हणतात आणि गळाने मासे धरण्याला गरवणे. दुकानात गळांचे क्रमांक उलटे चालतात : १० नंबरचा गळ ६ नंबरपेक्षा लहान असतो. सुरुवातीला ८ किंवा १० नंबरचा घ्या. लहान गळाने मोठा मासा लागू शकतो, पण मोठा गळ लहान तोंडात जातच नाही. टोक धारदार आहे का, हे नखावर अलगद टेकवून पाहावे. ते घसरले तर बोथट समजा. टोकाचे क्षेत्रफळ चौपट झाले की तेवढ्याच दाबाला बलही चौपट लागते, आणि आपली काठी तर तोट्याची तरफ आहे! गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करून टाका. मग गळ माशाच्या तोंडातून सहज निघतो आणि चुकून आपल्या बोटात गेला तर बोटातूनही. काटा असलेला गळ बोटात रुतला तर ओढू नका, तसेच डॉक्टरांकडे जा.

तरंगा म्हणजे पाण्यावर तरंगणारा बुचाचा किंवा भेंडाचा तुकडा, अथवा गळून पडलेल्या मोरपिसाचा दांडा. तो खाली गेला की मासा आमिष ओढतो आहे असे समजायचे. पण किती ओढल्यावर तो बुडेल, हे आपल्या हाती असते. समजा, तरंग्याचे आकारमान ३ घन सेंटिमीटर आणि वजन अर्धा ग्रॅम आहे. तो पूर्ण बुडवायला अडीच ग्रॅमचा भार लागेल. खाली काहीच वजन लावले नाही तर माशाला तो सगळा भार ओढावा लागतो. त्याला शंका येते आणि तो आमिष थुंकून टाकतो. पण आपण आधीच २.३ ग्रॅमचा भार लावला तर फक्त शेंडा पाण्यावर राहील आणि ०.२ ग्रॅमच्या ओढीनेही तो बुडेल. आपण तरंग्याचा संवेदनशील तराजू केला!

हा भार म्हणून पुष्कळ ठिकाणी शिशाच्या गोळ्या वापरतात आणि त्या दातांनी दाबून दोरीवर बसवतात. असे कधीही करू नका. शिसे विषारी आहे. पक्षी अन्न दळण्यासाठी पोटात बारीक खडे घेतात. खडा समजून ते शिशाच्या गोळ्याही गिळतात. इंग्लंडमधील नद्यांवर याच कारणाने हंस मोठ्या प्रमाणावर मेले आणि १९८७ साली तेथे मासेमारीच्या बहुतेक आकारांच्या शिशाच्या वजनांवर बंदी आली. त्यानंतर हंसांची संख्या पुन्हा वाढली. आपण लोखंडाचा लहान नट वापरू. लोखंडाची घनता पाण्याच्या ७.८ पट आहे. पाण्यात २.३ ग्रॅमचा भार हवा असेल तर हवेत सुमारे २.६ ग्रॅमचा नट लागेल. कसा, ते तुम्हीच गणित करून पहा. नेमका मेळ मात्र घरी बादलीत बसवा.

माशाच्या खिडकीतून

सामान झाले. आता बसायचे कुठे आणि कसे? हवेतून पाण्यात शिरताना प्रकाशाचे वक्रीभवन होते. त्यामुळे पाण्याबाहेरचे सगळे जग माशाला डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसते. त्या शंकूचा कोन सुमारे ९७ अंश असतो. मासा १ मीटर खोल असेल तर खिडकीचा व्यास सव्वादोन मीटरांहून थोडा जास्त भरतो. काठावरच्या वस्तू या खिडकीच्या कडेला चेपलेल्या आणि अंधूक दिसतात. पाण्याच्या पृष्ठभागाशी सुमारे १० अंशांपेक्षा कमी कोनात असलेली वस्तू माशाच्या सहसा लक्षात येत नाही. म्हणून सपाट काठावर उभे राहणाऱ्याने पाण्यात माशापासून ९ मीटर दूर राहायला हवे. बसलेल्याला साडेचार मीटर पुरतात. बसा, आणि पाण्यावर आपली सावली पडू देऊ नका.

बोललात तर चालेल. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून जवळजवळ सगळा परत फिरतो. पाय मात्र आपटू नका. जमिनीतून जाणारे कंप पाण्यात पोहोचतात आणि माशाच्या अंगावरची पार्श्वरेषा ते टिपते.

वेळ सकाळची किंवा संध्याकाळची निवडावी. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश सेल्सिअसला लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात. मे महिन्याच्या दुपारी मासे उथळ पाणी सोडून सावलीकडे किंवा खोलीकडे सरकतात. हिरव्यागार तळ्यात पहाटे मासे तोंड वर काढून श्वास घेताना दिसले तर गळ टाकूच नका. प्राणवायूसाठी धडपडणारा मासा खात नाही.

नवशिक्याला चिलापी हा चांगला मासा. हा मूळचा आफ्रिकेतला. १९५२ साली भारतात आणला गेला आणि आज महाराष्ट्रातल्या असंख्य तलावांत पसरला आहे. गांडूळ किंवा घट्ट कणकेची वाटाण्याएवढी गोळी तो आवडीने घेतो. तरंगा थरथरला की लगेच झटका देऊ नका. तो सरळ खाली किंवा आडवा सरकू लागला की मनगट हलवा.

रिळाच्या काठीची घाई नको. पुढे घ्याल तेव्हा एवढे लक्षात ठेवा की रिळातही हिसका सोसण्याची सोय असते. ठरावीक ताणाला दोरी आपोआप सुटू लागते. तो ताण दोरीच्या ताकदीच्या चौथाईवर ठेवावा.

काठावर जाण्यापूर्वी

बहुतेक जलाशयांतील मासेमारीचा हक्क मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. त्यांची परवानगी घ्या. अभयारण्यात गळ टाकायचा नाही. पावसाळ्याच्या पहिल्या महिन्यांत रोहू, कटला, मृगळ यांची वीण असते आणि नद्या पूर येऊन केव्हाही चढतात. तो काळ सोडून द्या. एकटे जाऊ नका. विजेच्या तारांखाली काठी कधीही उभी करू नका. हलक्या म्हणून मिळणाऱ्या कार्बन तंतूंच्या काठ्यांतून वीज सहज वाहते, ओल्या बांबूतूनही वाहते आणि अशा अपघातांत माणसे दगावली आहेत. लहान मासा परत सोडायचा तर आधी हात ओले करा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघतो. आणि तुटलेली दोरी इंचभरही मागे ठेवू नका. ती कुजत नाही. पक्ष्यांच्या पायांना तिचे फास बसतात.

करून पहा

एक : पिशवीत १ लिटर पाणी भरून तोंड घट्ट बांधा. ताणकाट्याला टांगून ती बादलीतल्या पाण्यात पूर्ण बुडवा आणि काटा वाचा. मग हळूहळू वर काढत वाचन घ्या. मासा कोणत्या क्षणी सुटतो, ते काटाच सांगेल.

दोन : एकाच तंगुसाचे तुकडे घ्या. एकाला साधी गाठ आणि दुसऱ्याला वर सांगितलेली गाठ मारा. शिक्षकांच्या देखरेखीखाली, डोळ्यांवर चष्मा लावून, बादलीत थोडेथोडे पाणी ओतत तो तुटेपर्यंत भार वाढवा. प्रत्येक गाठ पाच-पाच वेळा तपासून सरासरी काढा.

हे दोन प्रयोग वर्गात केलेत आणि मग तळ्यावर गेलात तर माझ्यासारखी चूक तुमच्या हातून होणार नाही. मामांची ती काठी मी पुढे खूप वर्षे वापरली. तिचा शेंडा करंगळीहून बारीक होता. ती वाकायची खूप, पण तिने दोरी एकदाही तुटू दिली नाही.